सोबत कोण आले होते

११ फेब्रुवारी

मुंगे,

तुझी आत्या म्हणाली, पाकिटं तुझ्यापर्यंत पोचतात. तू ती वाचतेस की नाही, ते तिला माहीत नाही. तुझा पत्ता तिने मला सांगितलेला नाही आणि मीही विचारलेला नाही. नणंद-भावजयींचं वीस वर्षांत पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालंय. तुझे बाबा असते तर त्यांनी कॅलेंडरवर खूण केली असती.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ड्यूटीवर त्याला गप्प बसायची सवय लागलीय. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला, कोणी दुरुस्त न करताच. तुझ्या खोलीत मी काही हलवलेलं नाही.

काल एक आजोबा आले. दातांची कवळी गिळली म्हणत होते. घसा धरून बसलेले, डोळ्यांत पाणी. एक्सरे काढला तर आत काहीच नाही. तेवढ्यात आजी घरून कवळी घेऊन आल्या, उशीखाली सापडली म्हणून. आजोबा म्हणाले, "मग घशात काय अडकलंय?" मी म्हटलं, "भीती." दोन घोट पाणी पाजलं आणि घरी पाठवलं. या खात्यात सव्वीस वर्षं काढल्यावर मला एवढंच खात्रीने कळतं, की निम्मे लोक दुखतंय म्हणून येतात आणि निम्मे भीती वाटते म्हणून. हल्ली दुसरे वाढलेत.

तू म्हणायचीस, "आई, तुला राजकारण कळत नाही." नसेल कळत. निवडून आलेल्या प्रत्येकाने या इमारतीला नवा रंग दिला आणि ऑक्सिजनचा पाइप प्रत्येकाच्या काळात त्याच सांध्यात गळत राहिला, एवढंच मला ठाऊक. मोर्चाच्या दिवशी आमच्याकडे फुटलेली डोकी येतात. आत कोणता विचार आहे ते टाके घालताना दिसत नाही. आधी रक्त थांबवायचं असतं.

नवीन म्हणशील तर सोमवारपासून कॅज्युअल्टीच्या दारात, आम्ही ट्रॉल्या उभ्या करतो तिथे, एक खुर्ची आलीय. खुर्चीत एक गृहस्थ असतात. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. म्हातारी बाई आली की उठून जागा देतात. पिवळे फॉर्म पूर्वी आम्ही ट्रेमध्ये टाकायचो, ते आता त्यांच्या हातात द्यायचे. मारहाणीची जखम असली की केसपेपरसोबत तो फॉर्म भरायचाच, तुला ठाऊक आहे. नाव, पत्ता, जखम कुठे झाली, सोबत कोण आले होते.

तुझ्या भूगोलाच्या सरांचं जे झालं त्यात माझा हात किती, हे तू ठरवून मोकळी झालीस. मी अजून ठरवतेय. नियम होता, सगळे भरत होते, मीही भरला. त्या फॉर्मचं पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं. हे मी त्या दिवशी दारातही तुला सांगितलं होतं. तू तेव्हा चपला घालत होतीस.

जेवत जा वेळेवर.

आई


२ मार्च

मुंगे,

हे पत्र तुला लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. पण दुसरं कोणाला लिहू?

आमच्या मोठ्या सिस्टर तुला आठवतात. तू सहावीत असताना तुझ्या हनुवटीतला खडा त्यांनीच काढला होता, आणि तू त्यांना चावली होतीस. या वर्षी निवृत्त व्हायच्या आहेत. त्यांचं टाक्यांचं रजिस्टर म्हणजे काय विचारू नकोस. कोणाला किती टाके, कोणत्या दिवशी काढायचे, कोण आला, कोण घरी ब्लेडने काढून बसला, सगळं नीटनेटक्या अक्षरात.

शनिवारी दुपारी त्या रजिस्टर घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? पिवळ्या फॉर्मवाल्यांचे टाके कोण काढतंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी पान उलटून दाखवलं. जानेवारीपासून पिवळा फॉर्म भरलेली तेवीस माणसं. प्रत्येकाला सातव्या नाहीतर दहाव्या दिवशी बोलावलेलं. त्यांच्यापुढचा रकाना कोरा. वरच्या-खालच्या ओळींतले जिन्यावरून पडलेले, सुरीने बोट कापलेले, सायकलवरून आपटलेले, सगळे आले होते. तेवीस जागा तेवढ्या पांढऱ्या.

मी म्हटलं, "दुसरीकडे काढले असतील. आपल्याकडे रांग असते."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काल ड्यूटी संपल्यावर एकाच्या घरी गेले. माझ्या रस्त्यावरच राहतो. बेकरीत कामाला होता, कपाळावर सहा टाके. त्याच्या आईने दार उघडलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, सिस्टर, बरं झालं आलात, कधी सोडणार त्याला घरी?"

"कुठून सोडणार?"

"आपल्याकडून, मॅडम. तिला सांगितलंय की तो आपल्याकडे ॲडमिट आहे. भेटायला परवानगी नाही म्हणून. रोज कपडे धुऊन तयार ठेवते."

मी त्याला ॲडमिट केलेलं नव्हतं. टाके घालून, गोळ्या देऊन, चालत घरी पाठवलं होतं. त्याने जाताना विचारलंही होतं, उद्या भट्टीसमोर उभं राहिलं तर चालेल का. मी म्हटलं, चार दिवस नको.

सिस्टरना मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, रजिस्टर कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अशा नजरेने त्यांनी आजवर फक्त शिकाऊ डॉक्टरांकडे बघितलं होतं.

तुझा राग आता जरा कमी झाला असेल, अशी माझी समजूत होती. तो वाढवायला मीच मजकूर पुरवतेय.

आई


१९ मार्च

मुंगे,

आमच्या गावातले जिने एकाएकी फार वाईट झालेत. मंगळवारी एका दिवसात अकरा जण जिन्यावरून पडले. त्यांतले चार जण बैठ्या घरांत राहणारे.

तुला कळलं असेल. डोकं फुटून कोणी आलं की मी आधी विचारते, "कसं पडलात?" ज्याला समजायचं तो लगेच समजतो. एकजण मात्र हट्टाला पेटला, "पडलो नाही हो डॉक्टर, मला काठीनं मारलं." तीनदा सांगितलं तरी तेच. शेवटी सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळा, पड की एकदाचा." तेव्हा पडला.

केसपेपरवर खोटं लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला वाटलं होतं अक्षर बिघडेल. मुळीच नाही. अक्षर उलट सुधारलंय.

आज खुर्चीवाले गृहस्थ दोन कप चहा घेऊन आत आले. एक माझ्यापुढे ठेवला. पेशंट नव्हता, दुपारचे तीन वाजले होते.

"डॉक्टर, तुमच्याकडे फॉर्म कमी झालेत."

"मारामाऱ्या कमी झाल्या असतील. चांगलंच आहे."

"हो, चांगलंच आहे." ते हसले. "जिन्यांचं मात्र काहीतरी करायला हवं. नगरपालिकेला कळवू का?"

मी म्हटलं, "कळवा. कठडे लावतील."

त्यांनी चहा पूर्ण संपवला. हा माणूस कपात तळालासुद्धा काही ठेवत नाही. मग म्हणाले, "मुलगी काय करते तुमची?"

"बाहेरगावी शिकते."

"पत्रबित्र लिहिता का तिला? हल्ली कोणी लिहीत नाही. चांगली सवय आहे. सोडू नका."

उठताना दोन्ही कप त्यांनी स्वतः उचलले.

मी दवाखान्यात बसून तुला एकदाही पत्र लिहिलेलं नाही. घरी लिहिते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि रविवारी आत्याच्या हातात देते. आत्या कोणाकडे देते ते मला माहीत नाही. मग त्यांना कसं कळलं? की नुसता खडा टाकून बघितला? तपासताना मीही तसंच करते, पोट दाबत जाते आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते. कुठे दुखतंय ते चेहराच सांगतो.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल, याचा मी मघापासून विचार करतेय.

आई


२० मार्च

मुंगे,

काल पत्र बंद केलं आणि झोपले नाही. आज सुट्टी आहे. सकाळपासून टेबलाशी बसलेय. एक गोष्ट सांगायची राहिलीय. सहा महिने मी ती प्रत्येक पत्रात लिहायला घेते आणि नळाबद्दल लिहून मोकळी होते.

१९ सप्टेंबर. तू सरांना घेऊन आलीस. दुसरा दवाखाना जवळ होता, पण तू म्हणालीस, "माझी आई आहे ना तिथे." सरांनी कानाच्या वर रुमाल दाबून धरला होता आणि तू त्यांचा कोपर. मी तुला रागावले, आठवतं? तुझ्याही शर्टभर रक्त बघून तुलाच लागलंय असं वाटलं होतं. तुला काही झालेलं नाही हे कळल्यावर मी तुला घरी पाठवलं, सरांना बाबांचा एखादा शर्ट आण म्हणून.

शर्टाची गरज नव्हती. तुला तिथून घालवायचं होतं.

नऊ टाके घातले. सर गमतीशीर माणूस. म्हणाले, "डॉक्टर, डोंगरावर रस्ता काढताना असेच टाके घालतात." टाके झाल्यावर मी पिवळा फॉर्म ओढला. त्यांनी बघितलं. नाव लिहिलं, पत्ता विचारला, तो त्यांनी सांगितला. मी लिहीत असताना ते म्हणाले, "लिहा, लिहा. तुमची नोकरी आहे." टोमणा नव्हता. मलाच धीर देत होते.

मग शेवटचा रकाना आला. सोबत कोण आले होते. मी लिहिलं, कोणी नाही.

मुंगे, तू दारात चपला घालत होतीस तेव्हा मी काय सांगितलं? मला माहीत नव्हतं. या फॉर्मचं पुढे काय होतं हे मला माहीत नव्हतं. तेच मी आत्याला सांगितलं, सिस्टरना सांगितलं, गेल्या महिन्यात तुला पुन्हा लिहिलं. ज्याला खरंच माहीत नसतं तो तो रकाना सरळ भरतो. लिहितो, मुलगी आली होती. त्यात लपवायचं काय?

मला माहीत होतं. काय होतं ते नेमकं नाही, पण तुझं नाव तिथे जाता कामा नये एवढं पक्कं माहीत होतं. आणि ते माहीत असूनही सरांचं नाव मी पूर्ण लिहिलं, पत्त्यासकट, घर क्रमांकासकट. तू शर्ट घेऊन आलीस तोवर ते गेले होते. दारातच कोणीतरी त्यांना गाडीने सोडतो म्हणालं होतं.

क्षमा कर असं लिहिणार होते. पण तो शब्द मी पेशंटच्या नातेवाइकांना रोज म्हणते. तुझ्यासाठी तो वापरवत नाही.

आई


६ एप्रिल

मुंगे,

हे पत्र नीट, शेवटपर्यंत वाच. आत्या समोर बसली असेल. तिला आधी पाणी दे. तिला आता परत पाठवू नकोस.

गेल्या गुरुवारी मोठ्या सिस्टरनी मला हातमोज्यांचं एक पाकीट दिलं. म्हणाल्या, "मॅडम, हे तुमच्या मापाचे आहेत, बाजूला ठेवा." आत घडी केलेला कागद होता. तेवीस नावं, पत्ते, जखम कुठे, टाके किती, कोणत्या तारखेला आमच्या दारातून चालत बाहेर गेले. त्याच्या वर, वेगळ्या शाईत, चोविसावं नाव, सरांचं.

शुक्रवारी सिस्टर आल्या नाहीत. ड्यूटीच्या तक्त्यावर त्यांच्या नावावर पांढरी शाई फिरवली होती, अजून ओली होती. मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मोठे साहेब म्हणजे आमचे अधीक्षक, तू त्यांना ठेवलेलं नाव इथे लिहीत नाही.

"सिस्टर कुठे आहेत?"

"रजेवर आहेत."

"किती दिवस?"

"रजेवर आहेत, डॉक्टर." हे ते टेबलाच्या काचेकडे बघून म्हणाले.

एकवीस वर्षांत सिस्टरनी रजा घेतली ती तीनदा, आणि तिन्ही वेळा मला आठवडाभर आधी सांगून.

आज सकाळी मलाच बोलावणं आलं. खुर्चीवाले गृहस्थ तिथे होते. मोठे साहेब स्वतःच्याच केबिनमधून चोरासारखे बाहेर गेले. टेबलावर माझा १९ सप्टेंबरचा फॉर्म होता. शेजारी एक फोटो, कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्याचा. सरांचा कोपर धरून तू चालतेयस. चेहरा स्पष्ट आहे. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की या पोरीने केस बांधायला हवे होते.

"तुमच्या हातून इथे एक रकाना राहिला, डॉक्टर."

"राहिला नाही. भरलाय."

"चुकीचा भरलाय. होतं असं, कामाचा ताण असतो. आपण दुरुस्त करू." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मुलीला पत्र लिहा. घरी ये म्हणावं. दोन शब्द बोलायचेत तिच्याशी, एवढंच. नेहमी लिहिता तसं लिहा."

"सर कुठे आहेत?"

"मुलगी आली की सगळंच बोलू."

"आणि आमच्या सिस्टर?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "त्या रजेवर आहेत ना?"

मी पत्र लिहिलं. त्यांच्यासमोर, त्यांच्या पेनाने. नाही म्हटलं असतं तर मी आज घरी आले नसते, आणि आत्याला सांगायला कोणी उरलं नसतं. पाकिटावर कोणाचा पत्ता घालायचा तेही त्यांनीच सांगितलं. आत्याचा. म्हणजे त्यांना आत्यापर्यंत माहीत आहे, तुझ्यापर्यंत नाही.

तिथून मी वॉर्डात गेले, दोन सलाइन लावली, एका बाईचा निखळलेला खांदा बसवला आणि वेळेवर घरी निघाले. वाटेत आत्याकडे थांबले, रोज थांबते तशी. तिला सगळं सांगितलं. तुझी आत्या, जिला रिक्षात बसायचं तरी चार वेळा पर्स तपासावी लागते, ती पाच मिनिटांत एका पिशवीत घर भरून उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चला." मी नाही म्हटलं आणि तिच्याच टेबलाशी हे पत्र लिहायला बसले.

तू हेच विचारशील, म्हणून लिहिते. खुर्चीवाले रोज सकाळी साडेआठला मला आत येताना बघतात. मी दिसले नाही की साडेआठलाच त्यांना कळेल, आणि दहापर्यंत प्रत्येक बसथांब्यावर माणूस असेल. मी उद्या आणि परवा वेळेवर ड्यूटीवर गेले, तर आत्याला दोन दिवस मिळतात. तुमच्यापर्यंत पोचायला तिला दीड दिवस लागतो असं ती म्हणाली. कुठे, ते तिने आताही सांगितलं नाही. शहाणी आहे.

सिस्टरनी लिहिलेला कागद आत्याच्या चष्म्याच्या घरात आहे, कापडाच्या खाली. तू आणि तुझे मित्र जे काही छापता, वाटता, ते मी कधी वाचलं नाही, तुझ्या गादीखाली होतं तेव्हासुद्धा. आता हा कागद छापा. सगळी नावं, पत्त्यांसकट. बेकरीतल्या त्या मुलाच्या आईला कळू दे, की तो आमच्याकडे ॲडमिट नाही आणि कधीच नव्हता. खाली डॉक्टर म्हणून माझं नाव घाला. टाके मी घातलेत, एवढं मी सही करून सांगू शकते.

आत्या आली की ती जागा सोडा. त्याच दिवशी.

आता त्या दुसऱ्या पत्राबद्दल. ते तुझ्यापर्यंत पोचेल. आत्याच्या दाराला कुलूप दिसलं तरी ते थांबणार नाहीत, कोणा मैत्रिणीच्या हातात देतील, नाहीतर वर्तमानपत्रात छापतील. अक्षर माझंच असेल. त्यात लिहिलंय की घर फार मोठं वाटतं. की मी रोज दोन ताटं घेते आणि एक परत ठेवते. तुझ्या खोलीतला पंखा मी स्टुलावर चढून पुसते, गुडघा नको म्हणत असताना. सरांच्या बाबतीत माझी चूक झाली, ती मी मान्य केलीय. तुला बघितल्याशिवाय मला आता राहवत नाही, असं शेवटी आहे, आणि खाली, ये.

त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "छान लिहिता तुम्ही."

मुंगे, मी त्यांच्यासमोर खोटं लिहायचं ठरवूनच बसले होते. पण त्या पत्रात एकही वाक्य खोटं लिहिता आलं नाही. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा शब्द न् शब्द खरा मान.

आणि येऊ नकोस.

आई